नॅनो प्रयोगशाळेत काटकसर कुठे चालते आणि कुठे नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली, तेव्हापासून चिप हा विषय महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत ठळकपणे दिसू लागला आहे. पण शिकवली जाते ती संगणकावरची रचना. प्रत्यक्ष थर लावणे, प्रकाशाने आकृती उमटवणे, नको तो भाग खोदून काढणे हे बहुतेक ठिकाणी फळ्यावरच उरकते. कारण विचारले की उत्तर ठरलेले: क्लीनरूम (धूळ गाळलेल्या हवेची खोली) नाही, आणि ती बांधायला कोट्यवधी रुपये लागतात. हे उत्तर अर्धेच खरे आहे. अत्याधुनिक प्रोसेसरला क्लीनरूम लागतेच. दहा-वीस मायक्रॉन रुंदीची रेघ, पन्नास नॅनोमीटर जाडीचा धातूचा थर, सूक्ष्मवाहिन्यांची पट्टी किंवा साधा वायुसंवेदक करायला ती लागत नाही. त्यासाठीची उपकरणे भोसरीतला लेथ, बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्स बाजार आणि मोजके चांगले विकतचे भाग यांतून पुण्यातच उभी राहू शकतात. मात्र कोणत्या भागावर पैसे वाचवायचे आणि कोणत्या भागावर मुळीच नाही, हे आधी न ठरवल्यामुळे असे प्रयत्न मध्येच बंद पडतात. म्हणून हे पत्र.

याला दाखले आहेत. जपानच्या ‘एआयएसटी’ या सरकारी संशोधन संस्थेने अर्ध्या इंचाच्या वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) चालणारी, क्लीनरूम न लागणारी ‘मिनिमल फॅब’ ही यंत्रमालिका विकसित केली. त्यातले प्रत्येक यंत्र जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद आहे. अमेरिकेत सॅम झेलूफ या तरुणाने घराच्या गॅरेजमध्ये २०१८ मध्ये चालणारी चिप बनवली आणि २०२१ मध्ये शंभर ट्रान्झिस्टरची. कार्नेगी मेलन विद्यापीठातले ‘हॅकर फॅब’ आपल्या यंत्रांचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवते.

सुरुवात स्पिन कोटरपासून करावी. काचेवर किंवा वेफरवर फोटोरेझिस्ट (प्रकाशाने बदलणारे रसायन) टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवली की एकसारखा पातळ थर बसतो. आयात यंत्राची किंमत लाखांत जाते. आत असतात एक मोटर, एक वेगनियंत्रक आणि एक चकती. ड्रोनची ब्रशलेस मोटर स्वस्त आणि सहज मिळते म्हणून तीच घेतली जाते. पण १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेऱ्यांची) मोटर १२ व्होल्टवर बारा हजार फेऱ्यांकडे धावणारी असते आणि आपल्याला हव्यात ५०० ते ५०००. ड्रोनचा सेन्सरविना चालणारा नियंत्रक ५०० च्या आसपास धक्के देतो, आणि रेझिस्ट पसरण्याच्या पहिल्याच टप्प्यात थरावर लाटा उठतात. तेव्हा कमी केव्हीची, आत हॉल सेन्सर (चुंबकावरून फिरण्याची स्थिती ओळखणारा) असलेली मोटर घ्यावी. इथे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. चकतीवर एक लहान चुंबक बसवून आर्डुइनोने फेऱ्या मोजाव्यात: ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५० ठोके. मोजून वेग दुरुस्त करणारी ही सोय नसेल तर पुरवठ्याचा व्होल्टेज जरा हलला की वेग हलतो, आणि त्याबरोबर जाडीही. जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ती निम्मी हवी असेल तर वेग चौपट करावा लागतो.

चकती थ्री-डी प्रिंटरवर काढू नये. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. डेलरिन या कडक प्लॅस्टिकची सळई लेथवर लावून, काच नेमकी बसेल असा खळगा काढून घ्यावा आणि डगमग ०.०५ मिमीच्या आत आहे हे डायल गेज लावून पाहावे. व्हॅक्यूमने काच धरणारी चकती नंतर करता येते. उडणारे रेझिस्ट अडवायला स्टीलचे खोल पातेले उत्तम. झाकण पॉलिकार्बोनेटचे असावे आणि झाकण उघडताच मोटर थांबवणारा स्विच त्याला असावाच. ५००० फेऱ्यांवर सुटलेली काच डोळ्यांच्या उंचीवर येते.

रेझिस्टचा थर सुकवायच्या हॉटप्लेटला २० मिमी जाड ॲल्युमिनियमची सपाट लादी, दोन-तीन कार्ट्रिज हीटर, पीटी-१०० हा तापमान-संवेदक आणि तापमान स्थिर राखणारा पीआयडी कंट्रोलर एवढे पुरते. एक गोष्ट विसरू नये: सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि कंट्रोलरने बंद म्हटले तरी हीटर तापत राहतो. म्हणून कंट्रोलरवर अजिबात अवलंबून नसलेला, स्वतःहून वीज तोडणारा थर्मोस्टॅट लादीला वेगळा लावावा. शेजारी ॲसिटोनची बाटली असलेल्या टेबलावर ही काटकसर कुणी करू नये.

आता पुण्याच्या हवेविषयी, कारण इथे अनेकांचा उत्साह मावळतो आणि दोष यंत्राला दिला जातो. नेहमीच्या पॉझिटिव्ह फोटोरेझिस्टमधला प्रकाशग्राही घटक प्रकाश पडल्यावर आम्लात बदलतो, आणि या बदलाला थरातला पाण्याचा अंश लागतो. हॉटप्लेटवर बेक केल्यावर थर कोरडा होतो आणि मग खोलीच्या हवेतून ओलावा परत घेतो. त्यासाठी हवेत ४० ते ५० टक्के आर्द्रता लागते. मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्यातली हवा याच्या किती तरी खाली असते. मग नेहमीइतकाच प्रकाश देऊनही डेव्हलपरमध्ये (प्रकाश पडलेला भाग विरघळवणाऱ्या द्रावणात) रेझिस्ट निघत नाही, विद्यार्थी प्रकाश वाढवत जातात, आणि पाण्याविना तो घटक भोवतालच्या रेझिनशीच जोडला गेल्यामुळे थर अधिकच चिवट होतो. उपाय स्वस्त आहे. झाकणाच्या डब्यात पोटॅशियम कार्बोनेटचे संपृक्त द्रावण, तळाशी न विरघळलेले मीठ दिसेल असे, वाटीत ठेवावे. डब्यातली आर्द्रता ४३ टक्क्यांच्या आसपास आपोआप स्थिर राहते. बेकनंतर काच त्यात काही मिनिटे ठेवावी. थर एक-दीड मायक्रॉनचा असेल तर एवढे पुरते. दहा मायक्रॉनच्या थराला पाण्याचा अंश आतपर्यंत मुरायला बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

जुलैत तक्रार उलटी असते. काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि रेझिस्ट डेव्हलपरमध्ये सालीसारखे सुटून येते. काच १५० अंशांवर दहा मिनिटे तापवून, थंड होताच लगेच थर द्यावा. सिलिकॉन किंवा काच असेल तर आधी एचएमडीएस या रेझिस्ट चिकटवायला मदत करणाऱ्या रसायनाची वाफ द्यावी. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावून प्रत्येक नमुन्यापुढे वहीत तापमान आणि आर्द्रता लिहिण्याची सवय लागली, तर अर्ध्या तक्रारी मिटतील.

खोलीतला प्रकाश पिवळा हवा. बाजारातला ‘पिवळा’ म्हणून मिळणारा प्रत्येक एलईडी दिवा चालत नाही. पुष्कळ दिवे आतून निळेच असतात आणि वर पिवळसर लेप असतो. जुन्या सीडीवर दिव्याचे प्रतिबिंब तिरके पाहावे. रंगपट्टीत निळी किंवा जांभळी कड दिसली तर तो दिवा बाद, किंवा त्यावर अंबर फिल्म चढवावी.

आकृती उमटवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ऑफसेट छपाईच्या फिल्मचा. २५४० डीपीआयच्या इमेजसेटरवर एक ठिपका १० मायक्रॉनचा पडतो, म्हणजे सुबक कडेची रेघ ३० ते ४० मायक्रॉनची. प्रेसवाल्यांकडे थेट प्लेट काढणारी यंत्रे आल्यापासून फिल्म काढून देणारे कमी होत चालले आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे हे यंत्र अजून आहे त्यांच्याकडून नमुन्यांच्या फिल्म एकदमच काढून ठेवाव्यात. फिल्म मागवताना ‘इमल्शन खाली’ असे स्पष्ट सांगावे. छापील बाजू रेझिस्टला न टेकता वर राहिली तर मध्ये फिल्मची जाडी येते: १०० मायक्रॉन जाडी आणि १० अंशांनी तिरका प्रकाश एवढ्याने कड सुमारे १८ मायक्रॉनने सरकते. प्रकाशासाठी ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा एलईडी पुरेशा अंतरावर ठेवावा; जवळ आणला की वेळ वाचतो, पण कडा बिघडतात. चौकोनी काचेच्या कोपऱ्यांवर रेझिस्टची जाड कड जमते, तीही फिल्मला टेकू देत नाही. ॲसिटोनमध्ये जेमतेम भिजवलेल्या काडीने ती आधी पुसून घ्यावी.

दुसरा मार्ग प्रोजेक्टरचा, आणि आमच्या मते महाविद्यालयांनी लवकरात लवकर याकडे वळावे. डीएलपी प्रोजेक्टरमधल्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. ते १०.८ मायक्रॉन अंतरावर असतील आणि सूक्ष्मदर्शकाच्या १० पट वस्तुभिंगातून उलटे नेऊन प्रतिमा दहा पट लहान केली, तर एक ठिपका सुमारे एक मायक्रॉनचा होतो. वस्तुभिंगाचे न्यूमेरिकल ॲपर्चर (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) ०.२५ आणि प्रकाश ४०५ नॅनोमीटरचा असेल तर प्रकाशाची स्वतःची मर्यादाही ०.८ मायक्रॉनच्या आसपास येते, म्हणजे जोडी बरोबर जमते. मास्कचा, म्हणजे आकृतीच्या फिल्मचा, खर्चच उरत नाही. संगणकावर आकृती बदलली की झाले. अडचणी दोन. प्रोजेक्टरच्या निळ्या एलईडीचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या पुढचा असतो आणि तिथे रेझिस्ट फारसे संवेदनशील नसते, म्हणून आत ४०५ नॅनोमीटरचा एलईडी बसवावा लागतो. हे करताना आणि वापरतानाही संरक्षक चष्मा हवाच. दुसरी अडचण फोकसची. फोकस लाल प्रकाशात करतात, कारण त्याने रेझिस्टवर परिणाम होत नाही. पण साध्या भिंगात लाल आणि जांभळ्याचा फोकस एका जागी येत नाही. फोकसची खोली जेमतेम सहा-साडेसहा मायक्रॉन असल्याने हा फरक रेघ पुसट करतो. वेगवेगळ्या उंचीवर एकच आकृती छापून फरक एकदा मोजावा आणि दर वेळी तेवढी उंची बदलावी.

हे यंत्र तिसऱ्या मजल्यावर ठेवू नये. तळमजल्यावर, कडप्प्याची जाड फरशी नाना पेठेत मिळणाऱ्या स्कूटरच्या अर्धवट फुगवलेल्या ट्यूबवर ठेवली, तर रस्त्यावरच्या बसचे हादरे बरेच शमतात.

धुळीसाठी संपूर्ण खोली स्वच्छ करण्याऐवजी फक्त टेबल स्वच्छ ठेवावे. दोन फूट बाय दोन फुटांच्या हेपा (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरमधून सेकंदाला ०.४५ मीटर वेगाने हवा हवी असेल, तर तासाला सुमारे ६०० घनमीटर हवा लागते, तीही फिल्टरचा अडथळा ओलांडून. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा हा दाब निर्माण करू शकत नाही. सेंट्रिफ्युगल ब्लोअरच घ्यावा. गळती फिल्टरमधून क्वचित, त्याच्या चौकटीच्या कडेने नेहमी होते, म्हणून गॅस्केटवर वेळ घालवावा. आणि अशा टेबलावर ॲसिटोनची उघडी भांडी ठेवू नयेत, कारण वाफ थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. रसायनांसाठी बाहेर हवा फेकणारे वेगळे कपाट लागते. एकाच पेटीत दोन्ही भागवण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे.

धातूच्या थराकडे आलो की खरा खर्च सुरू होतो. एसी दुरुस्तीवाले वापरतात तो पंप स्पिन कोटरची काच धरायला किंवा सिलिकोन रबरातले बुडबुडे काढायला पुरेसा आहे, स्पटरिंगला (टार्गेट या धातूच्या तुकड्यावर आर्गनचे आयन आदळून उडालेल्या अणूंचा थर देण्याला) नाही. टॉर या दाबाच्या एककाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या कमी दाबालासुद्धा उरलेल्या वायूचे रेणू सेकंदाला साधारण एक अख्खा रेणूथर पृष्ठभागावर आणून टाकू शकतात. सोने आणि चांदी हे सहन करतात, म्हणून चांगल्या दोन टप्प्यांच्या रोटरी पंपावर आणि आर्गनवर त्यांचे थर मिळतात. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम वाटेतच ऑक्सिजन पकडतात. त्यांना याहून खूप कमी दाब देणारा टर्बो किंवा डिफ्युजन पंप लागतो. हे आधी लक्षात न घेता ॲल्युमिनियमचे टार्गेट विकत घेतले की काळपट, वीज नीट न वाहणारा थर हाती येतो.

जुना डिफ्युजन पंप स्वस्तात मिळतो आणि चांगला चालतो, पण त्याला अखंड थंड पाणी लागते. पुण्यात देखभालीसाठी पाणी आणि वीज बहुधा गुरुवारी बंद असतात. पाणी थांबले आणि हीटर चालू राहिला तर तेलाची वाफ वर चेंबरमध्ये जाते. नळाचे पाणी न वापरता टाकी आणि छोट्या पंपाचे बंद चक्र करावे, आणि प्रवाह थांबताच हीटर बंद करणारा फ्लो स्विच लावावा. वीज गेल्यावर रोटरी पंपाचे तेलही बाहेरच्या हवेच्या दाबाने मागे, नळीतून चेंबरमध्ये चढते. वीज जाताच चेंबर बंद करणारा आणि पंपाच्या बाजूला हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हा त्यावरचा उपाय. तो नसेल तर पहिल्याच भारनियमनात चेंबर तेलकट होतो आणि त्यानंतर थर चिकटत नाहीत.

चेंबरची झाकणे अंदाजाने करू नयेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असले तरी ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार ६८० किलोच्या आसपास येतो. काचेच्या घंटेभोवती पॉलिकार्बोनेटची ढाल हवी. ॲक्रिलिकची खिडकी असेल तर गळती शोधायला तिच्यावर अल्कोहोल लावू नये, तडे जातात. धातूच्या जोडांवर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून गेजचा आकडा उडतो का पाहणे ही चांगली पद्धत आहे. त्याआधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब मिनिटागणिक टिपावा: एकसारखा चढत राहिला तर गळती, चढता चढता मंदावला तर आतल्या भिंतींतून सुटणारी वाफ. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात घट्ट बसवलेला स्क्रूही आत अडकलेली हवा तासन्‌तास सोडत राहतो. त्याला मधोमध बारीक भोक पाडून घ्यावे. आर्गन भरल्यावर पिराणी गेज हे दाबमापक खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते; साध्या हवेवर बेतलेला आकडा साधारण १.६ ते १.७ ने गुणावा.

स्पटरिंगच्या टार्गेटमागचे निओडिमियम चुंबक साधारण ८० अंशांच्या वर कायमचे कमजोर पडू लागतात, म्हणून पाण्याने थंड केलेला तांब्याचा ठोकळा लागतोच. वीजपुरवठा ५०० व्होल्ट डीसीच्या घरातला असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून हे भागवण्याच्या चित्रफिती पुष्कळ आहेत. कुठल्याही महाविद्यालयाने त्या वाटेला जाऊ नये. विद्युतप्रवाहाला मर्यादा असलेला, अर्थिंग केलेला विकतचा पुरवठाच घ्यावा, आणि चेंबर उघडताच तो बंद पडावा.

मोजमाप स्वस्तात होते, तरी सगळ्यात दुर्लक्षित राहते. सूक्ष्मदर्शकाच्या कॅलिब्रेशनसाठी सीडी आणि डीव्हीडी हाताशी असतात: सीडीच्या खोबणींत १.६ मायक्रॉनचे अंतर असते, डीव्हीडीच्या ०.७४ मायक्रॉनचे. थराची जाडी ६ मेगाहर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकावर मोजता येते. १० नॅनोमीटर सोने बसले की कंप्रता सुमारे १,५७० हर्ट्झने उतरते, तेवढ्याच ॲल्युमिनियमने फक्त २२० ने. स्फटिक तापला तरी आकडा सरकतो, म्हणून काम संपल्यावर तो थंड झाला की पुन्हा वाचावे. चार टोकांच्या प्रोबने थराचा रोध मोजावा: थर प्रोबपेक्षा बराच मोठा असेल तर व्होल्टेज भागिले प्रवाह, गुणिले ४.५३. शंभर नॅनोमीटर शुद्ध ॲल्युमिनियमला सुमारे पाव ओहम यायला हवा, पातळ थरात थोडा जास्त. तीन-चार ओहम आला तर निर्वात कच्चा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

रसायनांबाबत कडक राहायलाच हवे. हायड्रोफ्लोरिक आम्ल पदवीच्या प्रयोगशाळेत आणूच नये. त्याच्या जखमेवर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि प्रशिक्षित माणूस नसताना तर नाहीच. काच, ॲल्युमिनियम आणि लिफ्ट-ऑफ (रेझिस्ट धुऊन त्यावरचा धातू काढून टाकणे) या मार्गाने पुष्कळ शिकता येते. टीएमएएच हा नेहमीचा डेव्हलपर पाण्यासारखा दिसतो, पण त्वचेतून शरीरात जातो आणि तीव्र द्रावणाने मृत्यूही झालेले आहेत. तो २.३८ टक्क्यांचा तयारच घ्यावा, २५ टक्क्यांची बाटली आणून पातळ करू नये. जाड रेघा चालणार असतील तर पीसीबीवाल्यांची ड्राय फिल्म उत्तम: एक टक्का सोडियम कार्बोनेटमध्ये डेव्हलप होते. वापरलेली द्रावणे बेसिनमध्ये न ओतता वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवण्याची तजवीज पहिल्या दिवसापासून हवी.

इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने आकृती उमटवणे) किंवा खोल एचिंग (खोदणे) इथे करण्याचा हट्ट नको. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीत आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीत बाहेरच्या संशोधकांसाठी चालणारा नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रम आहे. स्वतःच्या टेबलावर थर लावलेला विद्यार्थी तिथे गेला, तर मिळालेल्या वेळेचा खरा उपयोग करतो.

प्राचार्य आणि खरेदी समित्यांकडे आमची मागणी नेमकी आहे. तयार यंत्राची निविदा काढायला नियम आहेत. मोटर, ओ-रिंग, कार्ट्रिज हीटर आणि लेथचे काम अशी शंभर किरकोळ बिले मंजूर करायला कुणी तयार नसते. अशा प्रयोगशाळेसाठी सुट्या भागांचा वेगळा वार्षिक मद ठेवावा, लेथचे काम भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना थेट देता यावे, आणि निदान एक पूर्णवेळ तंत्रज्ञ नेमावा, कारण दर वर्षी विद्यार्थी बदलतात आणि पंपाच्या तेलाची तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांचे आराखडे एका ठिकाणी मराठी-इंग्रजीत खुले ठेवावेत. त्यांत मापे आणि दुकाने असावीतच, पण कोणत्या मापाची ओ-रिंग गळली, कोणत्या महिन्यात रेझिस्ट सुटले आणि कोणता रिले अडकला, हेही नोंदवलेले असावे.

आपले विश्वासू,
सूक्ष्मनिर्मिती प्रयोगशाळांत काम करणारे काही अध्यापक व तंत्रज्ञ, पुणे